माझ्या नावे मांड

बँकेतल्या नोकरीच्या सुरुवातीची, १९८५-८६ च्या सुमाराची गोष्ट. तालुक्याच्या गावातली आमची शाखा. म्हशीच्या कर्जासाठी एक सालगडी आला होता आणि त्याच्या मागोमाग, जामीनदार म्हणून, निवृत्त झालेले एक प्राथमिक शिक्षक. धोतर, काळी टोपी, खिशाला पेन. मी नवा अधिकारी, त्यामुळे नियम समजावून सांगण्याचा उत्साह दांडगा. म्हटले, “गुरुजी, याने हप्ते थकवले तर बँक तुमच्या दारात येईल. शिफारस करणं वेगळं आणि जामीन राहणं वेगळं.” गुरुजींनी शांतपणे पेनाचे टोपण काढले. म्हणाले, “ठाऊक आहे म्हणूनच आलोय. नुसती शिफारस करायची असती तर घरबसल्या चिठ्ठी दिली असती.”

शिफारस आणि जामीन यांतला हा फरक पुढे निवृत्तीनंतर मला एका अगदी अनपेक्षित जागी पुन्हा भेटला. एक कादंबरी लिहायला घेतली होती. तिच्यात नगरकडचे एक ख्रिस्ती मास्तर होते. माणूस कागदावर उभा करायचा तर त्याच्या घरात संध्याकाळी कोणते पुस्तक उघडले जाते हे ठाऊक हवे, म्हणून मी मराठी ‘नवा करार’ पहिल्या पानापासून वाचायला बसलो. मराठीतला हा ग्रंथ तसा जुना. बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यातून तो १८११ साली बाहेर पडला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळ्या बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या गेल्या आणि त्यानंतर ते छापून झाले.

येशूची चार चरित्रे वाचून झाली, प्रेषितांची कृत्ये झाली, पौलाची लांबलचक पत्रे सुरू झाली. ती संपता संपता एक चिमुकले पत्र लागले. फिलेमोन नावाच्या गृहस्थाला लिहिलेले. अवघी २५ वचने. मूळ ग्रीकमध्ये साडेतीनशेही शब्द भरत नाहीत. पाप, मोक्ष, न्यायाचा दिवस यांवरचे प्रवचन त्यात नाही. आहे ते एका गुलामाविषयीचे, मित्राने मित्राला लिहिलेले पत्र. वाचता वाचता एका जागी मी थबकलो. या माणसाकडून झालेले नुकसान किंवा त्याच्याकडचे येणे असेल तर ते माझ्या नावे मांड, असे पौल तिथे सांगतो आणि ते फेडण्याची हमी स्वतःच्या हाताने लिहून देतो.

माझ्यातला लेखक बाजूला झाला आणि अधिकारी जागा झाला. हे तर जामीनपत्र! मूळ ग्रीकमधला शब्दही हिशेबाच्या वहीतलाच आहे. आपल्याकडच्या जमा-नावे पद्धतीत तो इतका चपखल बसतो की वाण्याच्या दुकानात बसून कुणी लिहिले असावे असे वाटते.

आता या प्रकरणातली माणसे पाहू. पौल हा तार्सस गावचा यहुदी. तंबू करण्याचा धंदा त्याच्या हाती होता. आधी येशूच्या अनुयायांचा छळ करणारा, मग त्यांच्यातलाच एक होऊन गावोगाव मंडळ्या उभ्या करणारा. पत्र लिहिताना तो कैदेत आहे आणि आपण म्हातारे झालो आहोत असे सांगतो आहे. फिलेमोन हा सुखवस्तू घरमालक. त्याच्याच घरी तिथली मंडळी प्रार्थनेला जमते. आणि तिसरा अनेसिम, फिलेमोनचा गुलाम. कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलेले एक वेगळे पत्र नव्या करारात आहे, त्यात अनेसिम तुमच्यापैकीच आहे असा उल्लेख येतो. त्यावरून हे घर कलस्सैला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात देनिझली शहराजवळ, होते असे मानतात.

अनेसिम या शब्दाचा अर्थ ‘उपयोगी’. हौसेने ठेवलेले नाव नव्हे हे; मालावर चिकटवावी तशी ती चिठ्ठी. रोमन साम्राज्यात गुलामांमध्ये ते सर्रास आढळे. पौल त्यावर कोटी करतो. पूर्वी हा तुला निरुपयोगी होता, आता तुलाही आणि मलाही उपयोगाचा झाला आहे, अशा आशयाची. त्यासाठी त्याने योजलेल्या ग्रीक शब्दाचा उच्चार ‘ख्रिस्त’ या शब्दाच्या इतका जवळ जातो की ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही अर्थ वाजावेत. अनेसिमला पौलाच्याच सहवासात, कैदखान्यात, नवा धर्म मिळाला. इथे एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. ज्या घरात मंडळी जमत होती, त्याच घरात हा माणूस राबत होता. तिथे त्याला काही गवसले नाही. गवसले ते बेड्या घातलेल्या एका म्हाताऱ्यापाशी.

बँकेत कोणताही दस्तऐवज आला की आधी सही तपासायची. इथेही तेच करावे लागते, कारण नव्या करारात पौलाच्या नावावर १३ पत्रे आहेत आणि ती सगळीच त्याची आहेत असे अभ्यासक मानत नाहीत. सातांविषयी मात्र बहुतेकांचे एकमत आहे, आणि हे चिमुकले पत्र त्या सातांत आहे. एकोणिसाव्या शतकात ट्यूबिंगेनचे जर्मन विद्वान फेर्डिनांड ख्रिस्तियान बाऊर यांनी मात्र याही सहीवर शंका घेतली. ताटातूट झालेली माणसे नव्या नात्याने पुन्हा एकत्र येतात, हे त्यांना एखाद्या ख्रिस्ती कादंबरीच्या बीजासारखे वाटले. कादंबरीकार म्हणून मला बाऊरसाहेबांचा मोह समजतो. पण बनावट कागदांचा थोडाफार अनुभव असलेला अधिकारी विचारतो: बनावट कागद कुणी उगाच करत नाही, त्यात कुणाचा तरी लाभ असतो. इथे लाभ कुणाचा? या पत्रात मंडळीसाठी नियम नाहीत, विरोधकांना उत्तर नाही, मोठा सिद्धांत नाही. उलट माझ्यासाठी एक खोली तयार ठेव, मी येईन म्हणतो, असला घरगुती निरोप आहे.

पत्र जुने असल्याचीही साक्ष आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला मार्सियन नावाच्या बंडखोर धर्मशिक्षकाने पौलाची पत्रे एकत्र केली, त्यांत हे होते. त्याचा कट्टर विरोधक तर्तुल्यन याने तर टोमणा मारला की मार्सियनच्या काटछाटीतून हे एकच पत्र वाचले, तेही आखूड होते म्हणून. जर्मनीत कोलोनला पपायरसचा एक तुकडा जपून ठेवला आहे. तो दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला मानतात आणि त्याच्यावर या पत्रातल्या काही ओळी आहेत. चौथ्या शतकात मात्र काही लोकांना हे पत्र धर्मग्रंथात बसण्याइतके वजनदार वाटत नव्हते. जेरोमला त्याची बाजू घेऊन लिहावे लागले.

लिहिले कुठून? परंपरा सांगते रोमहून, म्हणजे साधारण इसवी सन ६० ते ६२ मध्ये. अनेक अभ्यासकांना इफिस जवळचे वाटते. मग काळ पाच-सात वर्षे मागे जातो. माझा कौल इफिसला. रोमहून कलस्सैला जायचे तर समुद्र ओलांडायचा, आठवडेच्या आठवडे चालायचे. इफिसपासून कलस्सै दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. खोली झाडून ठेव, हा निरोप माणूस एवढ्याच अंतरावरून पाठवतो.

आता खरा प्रश्न. हे पत्र लिहिले कशासाठी? चौथ्या शतकातला थोर प्रवचनकार जॉन क्रिसोस्तम याच्यापासून एक उत्तर रूढ झाले: अनेसिम मालकाचे काही चोरून पळाला, पौलाला भेटला, सुधारला आणि पौलाने त्याला परत धाडले. पण पत्र पुन्हा वाचा. तो पळाला असे त्यात कुठेच म्हटलेले नाही. चोरीचाही स्पष्ट आरोप नाही, ‘असेल तर’ एवढेच आहे. १९८५ साली पीटर लाम्पे या जर्मन अभ्यासकाने रोमन कायद्यातली एक तरतूद पुढे केली. प्रोक्युलस या कायदेपंडिताचे मत असे होते की, मालकाच्या मित्राने रदबदली करावी म्हणून जो गुलाम त्या मित्राकडे जातो, तो ‘पळालेला’ ठरत नाही. तेव्हा अनेसिम कदाचित पळत नव्हता. मध्यस्थ शोधत होता. पळालेल्या गुलामाच्या कपाळावर डाग देत, पुढच्या काळात गळ्यात लोखंडी पट्टा घालत. ‘मला धरा, मालकाकडे पोचवा, बक्षीस मिळेल’ अशा मजकुराचे पट्टे रोमच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. म्हणजे पळालेला आणि मध्यस्थ शोधणारा, हा कायद्याचा कीस नव्हता. एका माणसाच्या कातडीचा प्रश्न होता.

मध्यस्थीची पत्रे त्या काळी रोमन समाजात लिहिली जातच. धाकट्या प्लिनीचे असेच एक पत्र प्रसिद्ध आहे. सबिनियानस नावाच्या मित्राचा मुक्त केलेला गुलाम धन्याचा रोष ओढवून प्लिनीच्या पायाशी आला. प्लिनीने सुंदर पत्र लिहिले: तो रडला, मी त्याला खडसावले, तू आता राग सोड. सबिनियानसने ऐकले आणि प्लिनीने आभाराचेही पत्र धाडले. सारे सभ्य, सारे नेमके. पण प्लिनीने स्वतःच्या खिशाला हात लावलेला नाही. आमच्या गुरुजींच्या भाषेत सांगायचे तर प्लिनीने चिठ्ठी दिली. पौलाने सही केली.

आणि सही केली ती तरी कोणी! अधिकारी म्हणून मी हा जामीन एका क्षणात फेटाळला असता. जामीनदार वृद्ध, तुरुंगात, स्थावर नाही, उत्पन्न नाही. पण पौलही कच्चा नाही. फेडीन असे लिहून झाल्यावर तो हळूच जोडतो की, तू स्वतःच माझे देणे लागतोस, ते मी काढत नाही. फिलेमोनचा धर्म पौलामुळे, म्हणजे त्याचे नवे आयुष्यच पौलाचे ऋण. ही चक्क वजावट! शिवाय पत्र एकट्या फिलेमोनला नाही. त्यावर अफिया आणि अर्खिप्प यांची नावे आहेत, घरी जमणाऱ्या साऱ्या मंडळीचे नाव आहे. म्हणजे ते सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाणार. मी आज्ञा करू शकलो असतो पण विनंती करतो, असे आधी म्हणायचे; मग ती विनंती पंचवीस-तीस माणसांच्या देखत ऐकवायची; आणि शेवटी मी येतो आहे, खोली तयार ठेव, असे सांगून तपासणीची तारीखही सुचवायची. पंचांसमोर बसवून मन वळवण्याची ही रीत आपल्या गावाकडच्या माणसाला नवी नाही.

पण मागितले काय? हा गुलाम म्हणून नव्हे, गुलामाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून स्वीकार, इतके. शिवाय मी सांगतो त्याहून तू अधिक करशील असा विश्वास. ‘त्याला मोकळे कर’ हे शब्द पत्रात नाहीत. पौलाने ती ओळ कोरी सोडली. कदाचित ऐकणाऱ्याला शरम वाटून त्यानेच ती भरावी म्हणून. कदाचित स्वतःलाही गुलामगिरीविना जग कल्पिता आले नाही म्हणून. कोरी ओळ सोडलेल्या कागदाचे काय होते हे बँकेतल्या माणसाला सांगावे लागत नाही. ज्याच्या हातात कागद, तो रक्कम भरतो.

अमेरिकेत ती रक्कम गुलामांच्या मालकांनी भरली. १८५० साली तिथे पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा झाला. तेव्हा अँडोव्हरच्या धर्मविद्यालयातले नामांकित प्राध्यापक मोझेस स्टुअर्ट यांनी पुस्तिका काढून पौलाचा दाखला दिला: त्यानेही अनेसिमला परत धाडलेच होते. विरोधकांनी बायबलमधलाच दुसरा नियम दाखवला. पळून आलेल्या गुलामाला धन्याच्या हवाली करू नये, असे अनुवाद या पुस्तकात स्पष्ट सांगितले आहे. एकाच ग्रंथाच्या दोन पानांवरून दोन पक्ष भांडत होते, आणि मध्ये माणसे बेड्यांत होती.

या साऱ्या वादातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग त्याआधीचा, १८३३ सालचा. जॉर्जिया संस्थानातले धर्मोपदेशक चार्ल्स कॉलकॉक जोन्स हे स्वतः गुलामांचे मालक. त्यांनी काळ्या गुलामांच्या मोठ्या सभेत फिलेमोनच्या पत्रावर प्रवचन केले. निष्ठेने राबा, पळून जाऊ नका, पाहा पौल काय सांगतो. निम्मी सभा उठून चालती झाली. जे थांबले त्यांतल्या काहींनी प्रवचनानंतर ठणकावले की असले पत्र बायबलमध्ये असूच शकत नाही. काही म्हणाले, असले तरी ते शुभवर्तमान नव्हे. काही म्हणाले, तुम्ही मालकांना खूश करायला बोलता. हे जोन्स यांनी स्वतःच आपल्या अहवालात नोंदवून ठेवले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. त्या सभेतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. कायदा आणि मालक दोघेही शिकू देत नव्हते. तरी कोणता मजकूर देवाचा आणि कोणता धन्याच्या सोयीचा, हे त्यांना विद्वानांहून लवकर कळले. बाऊर यांनी पत्राच्या सहीवर शंका घेतली त्याच्या कितीतरी आधी या माणसांनी त्याच्या वापरावर घेतली होती.

अमेरिकेतला हा झगडा १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपेपर्यंत चालला, आणि त्याचे पडसाद पुण्यापर्यंत पोचले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. जोतीरावांना शिफारस आणि जामीन यांतला फरक नेमका कळत होता. गुलामाविषयी हळहळणारे पुष्कळ असतात. त्याचे देणे आपल्या नावे मांडून घेणारे थोडे.

मग अनेसिमचे पुढे काय झाले? फिलेमोनचे उत्तर उरलेले नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी इग्नेशियस नावाचे बिशप कैदी म्हणून रोमला नेले जात होते. वाटेतून त्यांनी इफिसच्या मंडळीला पत्र लिहिले. त्यात तिथल्या बिशपचे नाव येते: अनेसिम. १९३५ साली जॉन नॉक्स या अमेरिकन अभ्यासकाने सुचवले की हाच तो गुलाम. तोच पुढे बिशप झाला, पौलाची पत्रे गोळा होताना त्याने स्वतःबद्दलचे हे छोटे पत्रही त्यांत जपले. कादंबरीकाराला याहून गोड शेवट कुठला हवा? पण अधिकारी मान हलवतो. मधे पन्नासेक वर्षे गेलेली, नाव गुलामांत सर्रास आढळणारे. नावे जुळली म्हणून खाते वर्ग करता येत नाही. एक गोष्ट मात्र मला पुरावा नसली तरी खूण वाटते. हे खासगी पत्र टिकले. फिलेमोनला राग आला असता तर पपायरसचा एक ताव चुलीत घालायला कितीसा वेळ? कुणीतरी ते ठेवले, कुणीतरी त्याची नक्कल केली. फाडून टाकायच्या लायकीचे पत्र कुणी नकलत बसत नाही.

मला सारखी दिसते ती ती वाट. इफिसहून असो वा रोमहून, ते पत्र बहुधा अनेसिमनेच नेले असावे. स्वतःविषयीचा कागद स्वतःच्या कमरेला खोचून तो ज्या घरातून निघाला त्याच घराकडे चालला आहे. सोबतीला कुणी असेलही. वाटेत कुठेही वळता आले असते. वळला नाही. पत्रात पौल बोलतो, फिलेमोनची थोरवी येते, मार्क, लूक, देमास यांचे नमस्कार येतात. अनेसिमचे मात्र एक वाक्य नाही. साऱ्या पत्राचे कारण तो, आणि मुका तोच.

त्या सालगड्याचे कर्ज फिटले. शेवटचे चार हप्ते मात्र गुरुजींच्या खात्यातून वळते करावे लागले. म्हैस आजारी पडून मेली होती. पासबुक भरून घ्यायला ते आले तेव्हा मी काहीतरी सांत्वनाचे बोलू लागलो. ते एवढेच म्हणाले, “त्याला सांगू नका साहेब. उगाच मान खाली घालून फिरेल.”

पौलाच्या पत्रात हे एक वाक्य नाही. तिथे देणे साऱ्या मंडळीसमोर वाचले जाणार होते. ते वाचले जात असताना अनेसिम दाराशी उभा असेल, नेहमी उभा राहत असे तिथेच. वाचन संपल्यावर त्याला कुणी आत येऊन बस म्हणाले का, एवढेच मला त्या घरातल्या कुणाला तरी विचारायचे आहे.